मंद्रातला तीव्र मध्यम

गजेंद्राचा पाय मगरीनं धरला आणि त्याच क्षणी चंद्रप्रकाशची बोटं पेटीवर भलतीकडे गेली. चारकोपच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीच्या सप्ताहातलं पहिलंच कीर्तन होतं, मंडप निम्मा भरलेला, क्षमाताई गादीवर उभ्या, हत्ती तळ्यात उतरलेला. आणि चाल अगदी साधी, भूपातली. बावीस वर्षं ह्याच ताईंच्या मागे बसून ह्याच हातांनी हजारदा वाजवलेली, डोळे मिटून वाजवावी अशी. तो डोळे मिटूनच वाजवत होता. ताईंनी 'पाय' ह्या शब्दावर आवाज लांबवला आणि त्याची बोटं षड्जावरून कोमल रिषभावर गेली, जिथं भूपाला पाऊल टाकायलाही जागा नाही. परत षड्जावर आली, आणि मग खालून कुणी ओढावीत तशी थेट मंद्रातल्या तीव्र मध्यमावर जाऊन बसली. भात्यातली हवा संपेपर्यंत तो सूर जमिनीवरून सरपटत राहिला. तबल्यावर नंदूचा हात हवेतच थांबला. पहिल्या रांगेत रोज वाती वळत बसणाऱ्या वनमालाबाईंनी वात अर्धीच सोडून वर पाहिलं. चंद्रप्रकाशच्या हातून चुका ह्याआधी झाल्या नव्हत्या असं नाही. पण त्या ठेच लागल्यासारख्या असत. ही ठेच नव्हती. ओळखीच्या घरात दिवा न लावता माणूस पाण्याच्या मडक्यापर्यंत जातो, तशी बोटं गेली होती. कुठल्या घरात, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. ताई आता वळून बघणार, असं वाटून त्यानं मान खाली घातली. पण ताईंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी एक श्वास घेतला आणि पुढची ओळ त्याच वाटेनं खाली नेली; भूप सोडला, चिपळ्या थांबवल्या, आणि हत्ती खरोखरच गाळात उतरत गेला.

आरती झाली, प्रसाद झाला, नंदू तबल्यावर गवसणी चढवत म्हणाला, "काय चंदूशेठ, आज कुठं गेला होतात? मी तर तिहाई विसरलो यार." चंद्रप्रकाश नुसता हसला. पेटीचं झाकण लावत असताना ताई जवळ आल्या, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळलेला. "चंदूभाऊ, ती चाल कुणाची हो?" कुठून आणलीत असं त्यांनी विचारलं नाही, कुणाची, असं विचारलं. कीर्तनाच्या घरात प्रत्येक गोष्टीला धनी असतो. पद अमक्याचं, चाल तमक्या बुवांची, दृष्टांत गुरूंकडून ऐकलेला, आणि ज्याचं त्याचं नाव घेतल्याशिवाय ते वापरायचं नाही. नाव न घेता वापरलं तर ती चोरी. चंद्रप्रकाशला एवढंच जाणवलं होतं, की ते सूर त्याच्या घरातल्या लोखंडी कपाटातून आले असावेत, जिथं तीनशे सतरा तबकड्या उभ्या लावून ठेवल्या होत्या. फिनलंडच्या, पेरूच्या, पोलंडमधल्या कुठल्याशा खाणीच्या गावाच्या, ज्यांची नावं त्यांच्या देशातही फारशी कुणाला ठाऊक नसतील असल्या हेवी मेटलवाल्यांच्या. हे दत्ताच्या मंडपात, हातात पेढा असताना, कसं सांगायचं? त्यानं तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बाबांची." ताईंचे डोळे मोठे झाले. "तुमचे वडील गात असत? कधी बोलला नाहीत!" "गात नसत. गुणगुणत. गिरणीत, मागावर उभं राहून." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि जरा नटूनथटूनही आलं.

घरी सुगंधा वाल सोलत बसली होती. मंडपातून ती त्याच्या आधी निघून आली होती, पण ताईंशी झालेलं बोलणं तिच्या आधी घरी पोचलं होतं. सेक्टरमध्ये बातमीला जिना चढावा लागत नाही. "बाबांची चाल?" ती वर न बघता म्हणाली. "तुमच्या बाबांना मी नऊ वर्षं जेवायला वाढलंय. ताट आपटलं तर कळायचं त्यांना वाढलंय म्हणून. गुणगुणायला ते कधी लागले?" चंद्रप्रकाशनं शर्ट काढून खुंटीला लावला. "तोंडातून निघून गेलं गं." "तोंडातून गेलं ते गेलं, बोटांतून काय निघून गेलं ते सांगा. माझ्या अंगावर काटा आला." त्यानं कपाटाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. "तुमच्या ह्या तबकड्यांच्या कारखान्यातलं आहे?" "असणार." "कुठलं?" "तेच तर कळत नाही." सुगंधानं एक वाल दोन बोटांत दाबला, दाणा टपकन पातेल्यात पडला. "मग शोधा. चोरी केली ती केली, निदान कुणाच्या घरी केली ते तरी माहीत पाहिजे की नको?"

आणि खरं सांगायचं तर त्याला त्या रात्री झोप लागली ती ह्याच कुतूहलाच्या उशीवर. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली काहीतरी लहान मुलासारखं टुणटुण उड्या मारत होतं. तीनशे सतरांतली कुठली?

सकाळी त्यानं साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये फोन करून आठवड्याची रजा टाकली. सदतीस वर्षं तो तिथं साचे बनवत होता. लोखंडातून केसाएवढं जास्त गेलं तरी बोटाला कळायचं. तिथंच, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, शेजारच्या भंगारवाल्याकडे एका बोटीवरच्या इंजिनियरचं सामान आलं होतं. एक मोडका रेकॉर्ड प्लेअर, लाकडी खोक्याचे दोन स्पीकर आणि सहा तबकड्या. चंद्रप्रकाशनं ते यंत्रासाठी घेतलं, गाण्यासाठी नाही. लालबागच्या खोलीत आणून दुरुस्त केलं आणि वरची तबकडी लावली. आई कानांत बोटं घालून गॅलरीत गेली. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. गुणाजी पेडणेकरांचे कान सव्वीस वर्षांच्या मागांनी खाल्ले होते. मागखात्यात माणसं ओठांवरून बोलणं वाचत, आणि संप होऊन गिरणी गेली तरी बाबांची ती सवय गेली नाही; कीर्तनातसुद्धा ते सगळ्यात पुढं बसत ते बुवांचे ओठ दिसावेत म्हणून. मृदंग पोटात थोडासा लागतो म्हणत, बाकी सगळं डोळ्यांनी. त्या दिवशी ते उठले, स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवून उभे राहिले, यंत्र तपासतात तसे. बराच वेळ. मग म्हणाले, "रे चंदू, ह्यां माका ऐकाक येता मां!" आणि थोड्या वेळानं, कपाळाला आठ्या घालून, "पण ह्येचो पट्टो सैल आसा." चंद्रप्रकाशनं झाकण काढून पाहिलं तर खरंच आतला रबरी पट्टा सैल झाला होता.

तिथून ते सुरू झालं. त्याला ते संगीत आवडलं म्हणून नाही. बाबांना ऐकू येतं असं ह्या जगात काय काय आहे, एवढाच प्रश्न होता. देशातली गाणी लावून पाहिली, बाबांचा तळवा खोक्यावर मेल्यासारखा पडून राही. सतार नाही, शहनाई तर नाहीच. हेवी मेटलमध्येसुद्धा जे नावाजलेले, उंच आवाजात किंचाळणारे, त्यांच्यावर बाबा मान हलवत. चालायचे ते अडगळीतले. तारा सैल सोडून वाजवणारे, जड, संथ, ज्यांचा आवाज पायाखालून येतो असे. ते दुकानांत मिळत नसत. मग तो भंगारात सापडलेल्या आपल्याकडच्या जुन्या तबकड्या परदेशी पाठवू लागला. तिकडच्या शौकिनांना त्या हव्या असत, आणि त्या बदल्यात ते तिकडची, दोनशे-तीनशेच प्रती निघालेली, कुणाला नको असलेली पोरं पाठवत. पेरूतला एक पोस्टमन, फिनलंडमधल्या एक शाळामास्तरीणबाई. चारकोपला घर मिळालं तेव्हा ट्रकमध्ये आधी ते कपाट चढलं. प्रत्येक तबकडीच्या आतल्या पाकिटावर तो पेन्सिलीनं तारीख लिही, आणि बाबा होते तोवर तारखेपुढं एक खूण: तळवा हलला की टिंब, नाही हलला की आडवी रेघ. दोन हजार चार साली बाबा गेले. खुणा थांबल्या. तबकड्या यायच्या थांबल्या नाहीत. का, ते त्याला कुणी विचारलं नाही, आणि स्वतःला विचारायला त्यानं सवड काढली नाही.

दुसऱ्या दिवसाच्या कीर्तनात ताईंनी पूर्वरंग मांडता मांडता एकदम त्याच्याकडे हात केला. "काल जी चाल तुम्ही ऐकलीत ना, ती आपल्या चंदूभाऊंच्या वडिलांची. कैलासवासी गुणाजी पेडणेकर. गिरणीकामगार! चार माग सांभाळता सांभाळता त्या माउलीच्या मुखातून ते सूर निघाले. माग कुणाचा? कबिराचाही मागच. सूत निराळं असेल, विणणारा एकच." मंडपानं टाळ्या वाजवल्या. चंद्रप्रकाशनं मान खाली घालून पेटीचा भाता उगाच चाचपला. "आणि सातव्या दिवशी, जयंतीला, आपण आख्यानातलं अख्खं पद त्या चालीवर म्हणणार आहोत." लगेच मंदिराच्या दारातल्या फळ्यावर खडूनं ते लिहूनही झालं, बाबांच्या नावासकट. वडिलांचं नाव त्यानं असं ठळक लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. रेशन कार्डावर आणि गिरणीच्या पासावर जे काय असेल ते. त्या नावाखालून रोज पेटी घेऊन आत जायचं, आणि ताईंनी "चंदूभाऊ, ती द्या ना आज" म्हटलं की "आज लागत नाही ताई, जयंतीलाच" म्हणून चुकवायचं. सातवा दिवस समोरून येत होता. तोवर ती तबकडी सापडून उपयोग काय, आणि नाही सापडली तर काय, हे त्याला धड सांगता आलं नसतं. पण न बघता, न शोधता बाबांच्या नावावर ते पद बांधून टाकायचं, हे त्याला पटेना. ते केलं की गोष्ट संपली. कायमची बाबांची झाली. मग कपाटात ती तबकडी आहे की नाही हेही पाहायची गरज उरणार नाही.

तिसऱ्या दिवशी मंडपाबाहेर एक म्हातारे काठी टेकत जवळ आले. कांदिवलीहून मुद्दाम रिक्षा करून. "मी बाळ परब. गुणाजीच्या बाजूक माझे माग. तुझो बापूस काय गुणगुणायचो रे! ही चाल मी ऐकलंय. शंभरदा ऐकलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चंद्रप्रकाशनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि वाकलेला असताना त्याच्या मनात आलं, मागखात्यात? जिथं कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही? खोट्याला साक्षीदार लागत नाही, ते आपले साक्षीदार स्वतःच पैदा करतं. आणि तरी, ह्या म्हाताऱ्याच्या आठवणीत आता बाबा खरोखर गुणगुणत होते. ओठ हलत होते. काय गुणगुणत होते कोण जाणे.

सकाळी नऊपासून तो ऐकायला बसे. कपाटाच्या वरच्या खणापासून, एकेक तबकडी, दोन्ही बाजू, सुई थोडी थोडी पुढं सरकवत. इतकी वर्षं तो आवडीच्या पंचवीस-तीसच फिरवून फिरवून ऐकत आला होता हे त्याला आता कळलं. बाकीच्या नुसत्याच होत्या, घरात असलेल्या आणि न भेटलेल्या नातेवाइकांसारख्या. आता प्रत्येकीच्या दारात उभं राहावं लागत होतं. एका इटालियन तबकडीत गाणी सुरू होण्याआधी कुणीतरी घसा खाकरतो, ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. एकीत ढोलकऱ्याची लय शेवटच्या गाण्यात ढासळते, दमलेला असतो बिचारा, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. नंदूसाठी ताई थांबतात तसे. एकीत मंत्रासारखं काहीतरी पुटपुटणं. सैतानाचं असेल, असं पूर्वी वाटलं असतं. आता वाटलं, ह्याला कुणीतरी नीट उभं राहून आख्यान लावायला शिकवलं असतं तर. सूर जवळ येत आणि निसटत. कोमल रिषभ सगळीकडे होता, त्या लोकांचा तो आवडता जिना. पण तिथून कुणी पंचमावर जाई, कुणी परत वर. तिथून खाली, तीव्र मध्यमावर जाऊन बसणारा कुणी मिळेना. पाचव्या दिवसापर्यंत त्याचे कान भरून गेले. रोजच्या आवाजांतही तो तो सूर हुडकू लागला. लिफ्ट थांबते त्यात, मिक्सर बंद होतो त्यात. भाजीवाल्याशी बोलताना तो मधेच गप्प झाला, कारण मागे टेम्पो गिअर बदलत होता. सापडला असं दोनदा वाटलं आणि दोन्हीदा पेटीवर ताडून पाहिल्यावर नाही निघालं. की बोटांनी स्वतःच बनवलं होतं? हा विचार आला तेव्हा तो दचकला. तसं असेल तर ते कुणाचंच नाही, आणि आपलं आहे असं म्हणायची त्याला कल्पनाही सहन होईना.

सहाव्या दिवशी दुपारी, खालच्या खणातली, कोपऱ्यातली. मुखपृष्ठावर पांढरं धुकं, आणि नाव अशा अक्षरांत की काटेरी झुडूप वाळून पडावं. इतक्या वर्षांत ते त्याला वाचता आलं नव्हतं. त्यानं दुसरी बाजू लावली आणि पेंगला. दाणदाण काहीतरी चाललं होतं, मग ते थांबलं, एकटीच जाड तार राहिली. स्वयंपाकघरातून सुगंधा हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"हीच."

तो खडबडून जागा झाला. "काय?"

"अहो, हीच. मागे घ्या."

त्यानं सुई उचलून अलगद मागे ठेवली. षड्ज. कोमल रिषभ. षड्ज. आणि मग खाली, खूप खाली, तिथं जाऊन ती तार बसली आणि थरथरत राहिली. वाजवणाऱ्याला घाई नव्हती. सुगंधा पदर खोचलेला तसाच, कपाटाला टेकून ऐकत राहिली. तीस वर्षं ज्या आवाजाला ती कारखाना म्हणत आली, त्याच्यासमोर. "ही जाड तार वाजवणारं कोण?" तिनं विचारलं. "माहीत नाही. नावं छापलेली नाहीत." "चांगला माणूस असेल," ती म्हणाली. "थांबतो बघा कसा. आपली माणसं अशी थांबत नाहीत." चंद्रप्रकाशनं आतलं पाकीट बाहेर काढलं. त्याला वाटत होतं, टिंब असेल. तारखेपुढं टिंब असेल, बाबांच्या तळव्याखालून हे सूर गेलेले असतील, तर ताईंना तसं सांगता येईल. पूर्ण खरं नाही तरी अर्धं. पेन्सिलीनं लिहिलं होतं: मार्च २०११, पेरू. खूण नव्हती. बाबांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. ह्या सुरांशी बाबांचा काडीचा संबंध नव्हता. त्यानं पाकीट पालथं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही दुसरं लिहिलेलं असेल.

"काय करणार?" सुगंधानं विचारलं.

"सांगायला हवं."

"फळ्यावर नाव लागलंय तुमच्या बाबांचं." ती हे टोचून म्हणाली नाही. "पुसावं लागेल. आणि मंदिरवाले काय म्हणतील ते वेगळं. पेटीवर दुसरं कुणी बसवतील."

"हो."

"तरी सांगणार?"

त्यानं पालथं पाकीट पुन्हा सुलटं केलं. तिनं पुन्हा एकदा सुई मागे ठेवायला सांगितलं.

जयंतीच्या सकाळी तबकडी मांडीवर धरून तो रिक्षानं बोरिवलीला, बाभईला, क्षमाताईंकडे गेला. ताई नुकत्याच पूजा आटपून बसल्या होत्या, संध्याकाळच्या आख्यानाची टिपणं समोर पसरलेली. त्यानं सगळं सांगितलं. भंगारातल्या सहा तबकड्यांपासून कालच्या दुपारपर्यंत, मधे बाबांचा तळवा, टिंब, आडव्या रेघा. सांगताना तो ताईंकडे न बघता त्यांच्या पायाशी पडलेल्या चिपळ्यांकडे बघत होता. ताईंनी हात पुढे केला. त्यानं तबकडी पाकिटातून काढून दिली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली, पोथीचं पान धरावं तशी, कडांनी.

"ह्यात कुठं आहे ती?"

"इथं." त्यानं बोट न लावता दाखवलं. "जिथं दणका आहे तिथं रेघा करड्या दिसतात. जिथं शांत, तिथं काळंभोर. ही काळी पट्टी आहे ना, ती."

"म्हणजे शांततेत आहे." त्या बराच वेळ त्या काळ्या पट्टीकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग होता की नुसतंच नवल, त्याला कळेना. "मला त्या दिवशी वाटलं खरंच मगर आली." मग त्यांनी तबकडी पाकिटात घातली, दोन्ही हातांनी परत दिली, आणि आवाज बदलला. "चंदूभाऊ, तुम्ही काय ऐकता त्याचं मला काही नाही. देवानं कान दिलेत, ऐका. पण मी गादीवरून खोटं बोलले."

"बोललो मी ताई. तुम्हाला काय ठाऊक?"

"मला ठाऊक नव्हतं हे खरं. पण नारदाची गादी आहे ती. तिथून जे गेलं त्याचं तिला देणं लागतं, मग ते चुकून जावो की मुद्दाम. कबिराच्या मागाशेजारी तुमच्या बाबांचा माग लावून दिला मी!" त्यांना मधेच हसू फुटलं, आणि त्यांनी ते पदरानं दाबलं. "लोक रडले."

"मग आज तुम्ही सांगून टाका. मी मंदिरवाल्यांना भेटतो, पेटी सोडतो."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. तिथूनच."

"मी?" "ताई, मी बावीस वर्षांत कीर्तनात एक शब्द बोललेलो नाही."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "आणि पेटीवर कोण बसेल ते मी कशाला ठरवू? ऐकणारे ठरवतील."

संध्याकाळी मंडप फुलून गेला होता, बाहेर रस्त्यापर्यंत चपला. पूर्वरंग झाला. ताईंच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, नामाचा गजर होऊन थांबला, आणि ताईंनी माईक हातात घेऊन एवढंच म्हटलं, "चंदूभाऊंना काही सांगायचंय." त्या गादीवरून दोन पावलं बाजूला झाल्या. चंद्रप्रकाश उठला. गुडघा कटकन वाजला, आणि तो माईकमध्ये ऐकू गेला असं त्याला वाटलं. उभं राहिल्यावर मंडप फार मोठा दिसतो हे त्याला माहीत नव्हतं. बसलेल्या माणसाला फक्त पहिल्या दोन रांगा असतात. गादीच्या कडेला उभं राहायचं की वर, हे ठरेना, म्हणून त्याचा एक पाय सतरंजीवर आणि एक गादीवर राहिला. सुगंधा कुठं बसली आहे ते त्यानं शोधलं आणि सापडताच नजर काढून घेतली.

"ती चाल माझ्या बाबांची नाही," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं. बाबांना ऐकू येत नव्हतं. ते गुणगुणत नव्हते." पुढं काय, ते त्यानं रिक्षात तीनदा ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. "माझ्याकडे तबकड्या आहेत. बाहेरच्या देशांतल्या. हेवी मेटल म्हणतात त्याला. त्यातल्या एकीतली आहे. कुणी वाजवली ते माहीत नाही, नाव वाचता येत नाही. तो माणूस जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. त्या दिवशी ती आपोआप वाजली. मी चोरली, आणि वर बाबांच्या नावावर घातली. ताईंचा ह्यात दोष नाही."

मागे कुठंतरी भांड्यावर झाकण पडलं. पहिला आवाज वनमालाबाईंचा. "म्हणजे ते केस वाढवून बोंबलतात, ते? माझा नातू ऐकतो. मी त्याला खुळा म्हणते."

"तेच," चंद्रप्रकाश म्हणाला.

"आणि त्यात असलं असतं?"

"शोधलं तर असतं."

कुणीतरी हसलं. मंदिराच्या समितीतले दोघं एकमेकांच्या कानाशी लागले होते, त्यांचे चेहरे काही चांगले दिसत नव्हते. एकजण उठून दाराकडे, फळ्याकडे गेला. आणि खांबाशी खुर्चीवर बसलेले बाळ परब काठी आपटून ओरडले, "खोटां बोलता हो! गुणाजी गुणगुणायचो. माका ठाऊक आसा. मी बघलंय!" चंद्रप्रकाशनं त्यांच्याकडे पाहिलं. बघलंय, असं म्हणाले ते. त्याला वाटलं, ह्यांना नाही म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. बाबांचे ओठ हलत असतील. काय हलत होतं ते ह्याही माणसाला कळलं नव्हतं, पोटच्या मुलालाही नाही. "परबकाका, तुम्ही बघितलंत ते खरं असेल," तो म्हणाला. "पण ही चाल ती नव्हे." म्हातारे काठीवर हनुवटी टेकून पुटपुटत राहिले.

"आता पुढं?" मागून कुणी बाई म्हणाली. "ते पद म्हणणार की नाही? मी विरारहून आल्ये."

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी चंद्रप्रकाशकडे. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, क्षमा नाही, राग नाही, नुसती वाट. "नाव नसलं तर नाव नाही असं सांगून म्हणावं," त्या म्हणाल्या. "ते खोटं होत नाही." मग त्या गादीवर चढल्या, चिपळ्या उचलल्या, आणि माईकमध्ये स्पष्ट म्हणाल्या, "चाल: दूरदेशीच्या एका अनामिकाची. आणली चंद्रप्रकाश पेडणेकर यांनी." आणल्याचं त्यांनी सांगितलं, चोरल्याचं नाही. समितीतला माणूस दारातून परत आला, त्याच्या बोटांना खडू लागला होता. तो आपल्या जागी बसला. उद्या काय ते उद्या, असं त्याच्या बसण्यात होतं.

चंद्रप्रकाश पेटीमागे बसला. नंदू खालच्या आवाजात म्हणाला, "ठेका कुठला देऊ?" "देऊच नकोस आधी. मी खालच्या सुरावर बसलो की दे." काळी चारच्या षड्जावर त्यानं बोट ठेवलं. पहिल्या दिवशी बोटं आपण होऊन गेली होती, तेव्हा वाट सरळ होती, उताराची. आता मुद्दाम जायचं होतं. डोळे मिटले तर ती आपोआप जातील, असं वाटून त्यानं डोळे उघडेच ठेवले. समोर शे-दोनशे चेहरे होते, वाती थांबलेल्या, मुलं आयांच्या मांडीवर, आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच गोष्ट: बघू या तरी. भाता ओढताना त्याच्या लक्षात आलं, की आत्तापर्यंत मंडपात ही चाल त्यानं एकदाही ठरवून वाजवलेली नाही. त्यानं कोमल रिषभ लावला, परत आला, आणि खाली जायच्या आधी, त्या अनोळखी माणसासारखाच, थांबला.